"तुमच्या हाताखाली किती माणसं होती?"

मित्रांनो, माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न आला आणि मी अगदी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "एकही नाही सर, मी फ्रेशर आहे." जागा शिफ्ट सुपरवायझरची होती. समोरच्या गृहस्थांनी माझा बायोडाटा उलटा ठेवला, "ठीक आहे, कळवू" म्हणाले आणि मी पाच मिनिटांत बाहेर!

संध्याकाळी एस.टी.ने होस्टेलला परत आलो तर गेटवरच मेसचे महाराज उभे. "भाऊ, तांदूळ उद्यापुरताच हाये. अन् गॅसवाल्याला फोन केला का जी?" त्या वर्षी मी मेस सेक्रेटरी होतो. 92 पोरं जेवणारी, महाराज धरून 4 जण कामाला, किराणा, गॅस, महिन्याचा हिशोब, सगळं माझ्या डोक्यावर. आणि सकाळीच मी सांगून आलो होतो की माझ्या हाताखाली कोणी नव्हतं.

हा लेख त्या चुकीबद्दल आहे. वरठीचा सनफ्लॅगचा पोलाद कारखाना घ्या, गडेगावचा अशोक लेलँडचा प्लांट घ्या, नाहीतर तुमसर-मोहाडीकडची एखादी राईस मिल घ्या, सुपरवायझरशिवाय कुठलीच पाळी चालत नाही. पण जाहिरातीत 'सुपरव्हिजनचा अनुभव असल्यास प्राधान्य' असं छापून आलं की आपली निम्मी विंग अर्जच करत नाही. प्राधान्य म्हणजे अट नव्हे, एवढं तरी नीट वाचा राव!

मुळात अनुभव म्हणजे पदाचं नाव नाही. कायदासुद्धा हेच म्हणतो. सुपरवायझर हा 'कामगार' धरायचा की नाही, यावर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली वर्षानुवर्षं खटले चालले. 1985 साली मुंबईच्या सिबा-गायगी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदाच्या नावापेक्षा त्या माणसाचं मुख्य काम काय होतं, ते पाहिलं. मग इंटरव्ह्यू घेणाऱ्यालाही तेच दाखवायला काय हरकत आहे?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांची अशीच अडचण झाली होती. उत्पादन एकदम वाढवायचं, नवखी माणसं कामावर आलेली आणि त्यांना सांभाळणारे सुपरवायझर अपुरे. तेव्हा 1940 ते 1945 या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. त्यातले मुख्य वर्ग फक्त 10-10 तासांचे असत. युद्धानंतर हाच कार्यक्रम जपानात गेला आणि तिथे चांगलाच रुजला. त्यांच्या मते सुपरवायझरला पाच गोष्टी लागतात: कामाची माहिती, जबाबदाऱ्यांची माहिती, शिकवण्याचं कसब, कामाची पद्धत सुधारण्याचं कसब आणि माणसं सांभाळण्याचं कसब. पहिल्या दोन त्या-त्या कंपनीच्या असतात, त्या जॉइन झाल्यावरच पुरत्या कळतात. उरलेल्या तीन मात्र कुठेही शिकता येतात. मेसमध्येही आणि धानाच्या बांधीतही.

आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी शेती आहे. रोवण्याच्या दिवसांत 15-20 बायांना निरोप देणं, पऱ्हे वेळेवर बांधीत पोचवणं, पाऊस आला तर कुठली बांधी आधी घ्यायची ते ठरवणं आणि संध्याकाळी मजुरी चुकती करणं, हे तुम्ही केलं असेल तर ते बायोडाटात का नाही? दिवाळीनंतर गावात मंडई भरते, रात्रभर नाटक होतं. त्याची तिकिटं, स्टेज, जनरेटर, कंपनीची जेवणं पाहणारी पोरं इथे होस्टेलमध्येच आहेत. फक्त 'मॅनेजमेंट केलं' असं मोघम लिहू नका. किती माणसं, किती दिवस, किती पैसे, काय बिघडलं आणि तुम्ही काय केलं, ते लिहा. असे तीन प्रसंग पुरेत. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत सांगता आला पाहिजे. रूममेटला समोर बसवून मोठ्याने सांगून बघा. तो हसेल, हसू द्या.

एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्या वडिलांच्या वयाचा फिटर तुमचं ऐकत नसेल तर काय कराल?" आपली तयार उत्तरं दोन. "प्रेमाने समजावीन" आणि "वरिष्ठांना कळवीन". दोन्ही ऐकून ऐकून समोरची माणसं कंटाळलेली असतात. अमेरिकेच्या त्या वर्गांत यासाठी चार पायऱ्या शिकवत: आधी खरी माहिती गोळा करा, मग तोलून ठरवा, मग कृती करा आणि शेवटी परिणाम तपासा. पहिली पायरी गाळली की काय होतं ते मी भोगलंय. आमचे महाराज आठवडाभर पोळ्या उशिरा देत होते. पोरांची बोंबाबोंब. मी भर मेसमध्ये सगळ्यांसमोर त्यांना बोललो. ते काही न बोलता एप्रन काढून पवनीला, आपल्या गावी निघून गेले. दोन दिवस 92 जणांनी पोहे आणि खिचडी खाल्ली. मग तक्रार रजिस्टर उघडलं, तर मोठ्या शेगडीचा एक बर्नर पेटत नाही, अशी महाराजांनीच सांगून लिहून घेतलेली नोंद तिथे तीन आठवड्यांपासून पडून होती. खाली सही कोणाची हवी होती? माझी! मी ते पान वाचलंच नव्हतं. पवनीला जाऊन माफी मागितली, बर्नर बदलला आणि त्यानंतर दर सोमवारी रजिस्टर वाचून सही करत गेलो.

दुसऱ्या इंटरव्ह्यूत हाच किस्सा सांगितला, माझ्या चुकीसकट. या वेळी बायोडाटा कोणी उलटा ठेवला नाही. उलट 20 मिनिटं त्यावरच प्रश्न चालले. नंतर त्यांनी तुम्हाला का घेतलं नाही, किती दिवसांत बदललं, असे. खऱ्या प्रसंगाचा फायदा हाच, की दहावा प्रश्न आला तरी उत्तर संपत नाही. बनवलेला किस्सा तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

दुसरा हमखास प्रश्न सुरक्षेचा. "डिस्पॅचची घाई आहे आणि ऑपरेटरने मशीनचं गार्ड काढून ठेवलंय. काय कराल?" इथे घोळ घालू नका. मशीन बंद, गार्ड बसवायचं, मग चालू, आणि झालेला उशीर स्वतःच्या नावाने वर कळवायचा. 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, कामगार मृत्युमुखी पडले. भंडाऱ्यात हा प्रश्न विचारणारा माणूस पुस्तकातून विचारत नसतो, हे ध्यानात ठेवा.

काही ठिकाणी मात्र नुसत्या किश्शांवर भागत नाही. 'मॉयल'च्या चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत मेट, फोरमन अशी देखरेखीची कामं करायला खाण सुरक्षा महासंचालनालयाची प्रमाणपत्रं लागतात. इलेक्ट्रिकलवाल्यांनी राज्याच्या परवाना मंडळाच्या सुपरवायझर प्रमाणपत्राची चौकशी आत्ताच करावी. आणि ज्यांना वाटतं आपल्याकडे सांगायला खरंच काही नाही, त्यांनी 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालची एक वर्षाची उमेदवारी कमी लेखू नये. पदवीधरांसाठी तिचं काम मुंबईच्या प्रशिक्षण मंडळाकडून चालतं. स्टायपेंड थोडा, पण शॉप फ्लोअर रोज बघायला मिळतो.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं विचारतील. "नो सर" म्हणून उठू नका. एका पाळीत किती माणसं, त्यात कायम किती आणि ठेक्यावरची किती, पहिला महिना कोणाबरोबर काढायचा, हे विचारा. मी आणखी एक विचारलं होतं, "रात्रपाळीला मेंटेनन्सचा माणूस असतो का?" समोरचे दोघं एकमेकांकडे पाहून हसले. का हसले, ते जॉइन झाल्यावर पहिल्याच रात्री अडीच वाजता कळलं.