पोटफोड्या ‘ष’ला नवं काम

मुळशी म्हटलं की जुन्या माणसाला धरण आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो. आज त्याच तालुक्यात हिंजवडी-माणचं आयटी पार्क आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत आणि लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी एखाद्या कॉलेजात संध्याकाळी प्राथमिक चिनीचा वर्ग भरवायचा तर विद्यार्थी शोधत फार लांब जायला नको. चीनहून सुटे भाग मागवणारा खरेदी विभागातला माणूस आणि इंग्रजीपलीकडची एक भाषा गाठीशी असावी असं वाटणारी बी.कॉम.ची मुलगी एकाच बाकावर बसू शकतात.

या भाषेचे दिवस मात्र सरहद्दीवरच्या बातम्यांनी फिरतात. जून 2020 मध्ये ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीने शेजारच्या मावळातल्या, तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला आणि त्याच महिन्यात गलवान खोऱ्यात दोन्ही सैन्यांची चकमक घडली. करार बासनात गेला, 2022 मध्ये कंपनीने नाद सोडला, कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. 2020 च्याच राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत शिकवायच्या परकीय भाषांची उदाहरणं देताना चिनी गाळली गेली. आदल्या वर्षीच्या मसुद्यात ती होती. पण चाकणला सानी आणि रांजणगावला हायर या चिनी कंपन्यांचे कारखाने आहेतच, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये दोन देशांमधली थेट विमानंही पुन्हा उडू लागली. धोरण काहीही म्हणो, माल आणि माणसं ये-जा करतात, आणि त्यांना बोलावं लागतं.

पुण्याला चिनीचं हे वेड नवं नाही. फर्ग्युसन कॉलेजातले पु. वि. बापट पालीचे पंडित, पण ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाचं मूळ हरवलेलं आणि संपूर्ण रूपात सहाव्या शतकातलं चिनी भाषांतर तेवढं उरलेलं, म्हणून ते चिनीकडे वळले. त्यांचा तौलनिक अभ्यास 1937 मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाला. फर्ग्युसनचेच वा. वि. गोखले तिबेटी आणि चिनी दोन्ही वाचत. त्या काळी चिनी शिकायची ती बुद्धासाठी. आता बहुधा बेअरिंगसाठी.

वर्गात पहिले काही आठवडे जातात उच्चारांत. चीनने 1958 मध्ये स्वीकारलेली पिनयिन ही रोमन लेखनपद्धती फळ्यावर येते आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. मराठी विद्यार्थी ती रोमन अक्षरं इंग्रजीच्या चालीने वाचतो. माझ्या मते आपल्याकडे चिनी अवघड होते ती या मधल्या दलालामुळे. प्रमाण चिनीत आपले ब, द, ग नाहीतच. रोमन ‘बी’ लिहिलेलं असतं तिथे आवाज आपल्या ‘प’चा, ‘पी’ असतं तिथे ‘फ’चा, आणि तो फळातला ‘फ’, फॅनमधला नव्हे. म्हणजे बीजिंग हे पेइचिंगच्या जवळचं, आणि पिनयिनला तिच्याच नियमाने फिन्यिन म्हणायला हवं. अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपण पहिलीपासून घोकतो. इंग्रज विद्यार्थ्याला तो कानाने पकडायला घाम फुटतो.

पुढची गंमत ‘च’ची. मराठीत चांगल्यातला ‘च’ वेगळा आणि चारमधला वेगळा, हे आपण न शिकताच बोलतो. चिनी माणूस निरोप घेताना जे ‘चाइ-च्येन’ म्हणतो, त्यातला पहिला ‘च’ चांगल्यातला आणि दुसरा चारमधला. स, श, ष या तिघांनाही चिनीत कामं आहेत. आपण ज्याला पोटफोड्या म्हणतो आणि बोलताना सर्रास ‘श’ करून टाकतो, तो जीभ वळवून म्हणायचा ‘ष’ तिथे रोज लागतो. ‘दहा’ म्हणायला तोच हवा. चांगल्यातल्या ‘च’ला ‘ह’ जोडून होणारा आवाज मात्र आपल्याकडे नाही. तो नव्यानेच कमवावा लागतो.

मग सूर. चार ठाम सूर आणि एक हलका. मराठीत “आलास?” आणि “आलास.” हा फरक सुराचाच, पण तो वाक्याचा, चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो. चढता दुसरा सूर आश्चर्याने विचारलेल्या “काय?”सारखा, पडता चौथा दटावणाऱ्या “चल!”सारखा. वर्गात सगळे एकदम चौथा सूर घोकू लागले की बाहेरून जाणाऱ्याला आत भांडण जुंपलंय असं वाटावं.

व्याकरण त्या मानाने दयाळू आहे. लिंग नाही, विभक्ती नाही, क्रियापद कुणासाठी बदलत नाही. आणि काही ठिकाणी तर घरी आल्यासारखं वाटतं. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’, हा इंग्रजीला न जमलेला भेद उत्तरेकडच्या चिनी बोलीत आहे. मावशी, आत्या, मामी, काकू या चौघी तिथे ‘आंटी’च्या एका पोत्यात कोंबलेल्या नाहीत. चुलत भावंडांना वेगळा शब्द, आते-मामे-मावस भावंडांना मिळून दुसरा. फक्त भाऊ-बहीण थोरली की धाकटी हे सांगावंच लागतं, आणि काकाही वडिलांपेक्षा मोठा की लहान ते.

लिपीला बाराखडी नाही, तिथे चौकटीची वहीच कामाला येते. आधी आडवी रेघ मग उभी, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. चौकोनात आतलं भरून झाल्यावरच तळाची रेघ ओढून दार लावायचं. हे नियम चार दिवसांत पाठ होतात, अक्षरं वर्षानुवर्षं होत राहतात. चिनी कितपत येते हे तपासणाऱ्या एचएसके परीक्षेच्या अनेक वर्षं रूढ असलेल्या सहा पायऱ्यांत पहिलीला 150 शब्द, दुसरीला 300, तिसरीला 600. पहिल्या दोन पायऱ्यांवर अक्षरांच्या जोडीला पिनयिन छापलेलं असतं, तिसरीला ते काढून घेतात. दिवसभर नोकरी करून येणाऱ्याची खरी कसोटी तिथे लागते. वर्ग चालवणाऱ्यांनी हे प्रवेशाच्या वेळीच सांगावं, ‘सहा महिन्यांत फर्डी चिनी’ असली जाहिरात करू नये.

अंकांत मात्र मजा आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! चिनी मूल निमूटपणे ‘दोन-दहा-एक’ म्हणतं आणि एकोणऐंशी-एकोणनव्वदच्या फेऱ्यात कधी सापडत नाही. पण मोठ्या रकमेला तो सोपेपणा संपतो. त्यांची मोजणी हजारावरून लाखावर जात नाही, दहा हजारांच्या ‘वान’वर थांबते. पिरंगुटच्या खरेदीवाल्याला समोरून पस्तीस ‘वान’ युआन असा दर आला, तर ते साडेतीन लाख, हा हिशोब त्याने फोनवर “ठीक आहे” म्हणण्याआधी करायचा असतो.