अस्थींची काच : तिच्यात आपलं माणूस किती?

तिसऱ्या दिवशी राख सावडायची, अस्थी गोळा करायच्या आणि नदीत सोडायच्या, ही आपल्याकडची रीत. पश्चिम महाराष्ट्रातली काही कुटुंबं आता रक्षा शेतात टाकून तिथं झाड लावतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आणखी एक पर्याय रुळला आहे. चमचाभर राख तापलेल्या काचेत बंदिस्त करून तिचा पेपरवेट, गोळा किंवा गळ्यातला मणी करून घेतात. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांसमोरही हा पर्याय येतो आणि त्याबरोबर एक प्रश्नही येतो. त्या काचेत आपलं माणूस खरोखर असतं का?

राखेत उरतं काय?

चितेत किंवा विद्युतदाहिनीत तापमान साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. त्यात शरीरातलं पाणी वाफ होऊन जातं. स्नायू, चरबी, त्वचा यांतला कार्बन वायुरूपात निघून जातो. मागे उरतो हाडांमधला खनिज भाग. कोरड्या हाडाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश वाटा या खनिजाचा असतो आणि ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असतं. आपण ज्याला राख म्हणतो ती म्हणजे खरं तर भाजून निघालेली हाडं. हाड काळं दिसत असेल तर त्यात अजून कार्बन आहे. पांढरंशुभ्र झालं असेल तर ते पूर्ण भाजलं गेलं आहे.

परदेशातल्या दाहगृहांत उरलेल्या हाडांतून धातूचे तुकडे वेगळे काढतात आणि हाडं यंत्रात दळून बारीक पूड करतात. प्रौढ व्यक्तीची ही पूड साधारण दोन ते तीन किलो भरते. आपल्या लाकडाच्या चितेतली राख मात्र बहुतांशी लाकडाचीच असते. म्हणून तर अस्थी हाताने वेचाव्या लागतात.

काचेत ती जाते कशी?

नेहमीच्या वापरातली काच म्हणजे वाळूतली सिलिका, सोडा आणि चुना यांचं वितळलेलं मिश्रण. कारागीर साधारण ११०० अंशांच्या भट्टीतून नळीच्या टोकावर मधासारखी घट्ट काच उचलतो. ती राखेच्या पातळ थरावरून फिरवतो, राख तिला चिकटते. मग वरून पुन्हा पारदर्शक काचेचा थर चढवतो. हवी असेल तर रंगीत काचही याच टप्प्यावर मिसळतात.

इथं एक गैरसमज दूर व्हायला हवा. राख वितळून काच होते असं नाही. कॅल्शियम फॉस्फेट वितळायला १६०० अंशांहून अधिक तापमान लागतं. त्यामुळे राखेचे बहुतेक कण काचेत पांढऱ्या ठिपक्यांसारखे तसेच राहतात. त्यांच्याभोवती बारीक बुडबुडे दिसतात, कारण राखेतल्या कार्बोनेटमधून उष्णतेने कार्बन डायऑक्साइड सुटतो. लाकडाच्या राखेत कार्बोनेट आणि कोळसा जास्त, म्हणून तिचे बुडबुडेही जास्त.

तयार वस्तू लगेच थंड केली तर ती तडकते, कारण बाहेरची बाजू आधी आकसते आणि आतली नंतर. म्हणून ती साधारण ५०० अंशांच्या दुसऱ्या भट्टीत ठेवून कित्येक तास हळूहळू निववतात. राख जास्त घातली तरी काच कमजोर होते. चमचाभर पुरते ती याचसाठी.

कल्पना जुनीच

जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान बेखर यांनी १७व्या शतकातच मानवी देहापासून काच करता येईल असं लिहून ठेवलं होतं. १८०१ मध्ये फ्रेंच वास्तुरचनाकार प्येर जिरो यांनी तर मृतांच्या अस्थींची काच करून स्मृतिपदकं घडवावीत, अशी योजनाच मांडली होती. भाजलेल्या हाडांचा वापर उद्योगातही जुना आहे. इंग्लंडमध्ये १८व्या शतकाच्या अखेरीस आकाराला आलेल्या ‘बोन चायना’ कपबश्यांत जवळपास निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते.

उलटा प्रवासही घडला आहे. १९६९ मध्ये फ्लोरिडातील लॅरी हेंच यांनी सिलिका, सोडा, चुना आणि थोडं फॉस्फरस यांची अशी काच बनवली, की जिच्याशी जिवंत हाड जोडलं जातं. शरीरात गेल्यावर तिच्या पृष्ठभागावर हाडातल्यासारखंच खनिज तयार होतं. दंतवैद्यक आणि अस्थिशल्यचिकित्सेत हाडातली पोकळी भरायला अशी ‘बायोग्लास’ वापरतात. काच आणि हाड रसायनाच्या दृष्टीने एकमेकांना इतके परके नाहीत.

ओळख टिकते का?

डीएनए या उष्णतेत टिकत नाही. पूर्ण भाजलेल्या पांढऱ्या अस्थींवरून ती कोणाची हे डीएनए चाचणीने सांगता येत नाही. पण वेगळी एक खूण उरते. खडकातून माती-पाण्यात आणि तिथून अन्नात स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य येतं. ते कॅल्शियमसारखंच असल्याने हाडात जाऊन बसतं. त्याच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण खडकागणिक बदलतं. सह्याद्रीच्या बेसॉल्टवरचं प्रमाण आणि पूर्व विदर्भातल्या प्राचीन खडकांवरचं प्रमाण एक नसतं. ही नोंद पांढऱ्या झालेल्या हाडातही शाबूत राहते.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंज इथं दहन करून पुरलेल्या २५ माणसांच्या अस्थी संशोधकांनी अशाच तपासल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्यांतल्या १० जणांनी आयुष्याची अखेरची काही वर्षं त्या परिसरात काढलेली नव्हती. ते पश्चिमेकडून, बहुधा वेल्समधून आले असावेत. दहन होऊन सुमारे पाच हजार वर्षं लोटल्यावरही अस्थींनी हे सांगितलं.

म्हणजे राखेत नाव उरत नाही, पण ज्या पाण्यावर आणि धान्यावर माणूस जगलं त्याची खूण उरते. काचेतल्या पांढऱ्या ठिपक्यांत आपल्या माणसाच्या हाडातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस असतं, हे अक्षरशः खरं आहे. राखेपासून हिरा बनवून देण्याच्या दाव्याबाबत मात्र सावध असावं. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन आणि दहनात तोच जवळपास सगळा उडून जातो.

करून घ्यायचं असेल तर

• लाकडी चितेतली राख न देता वेचलेल्या पांढऱ्या अस्थींची बारीक पूड द्यावी.

• एकाच वेळी अनेकांची कामं होत असतील तर राखेच्या पुड्या वेगळ्या कशा ठेवतात आणि उरलेली परत मिळते का, हे आधी विचारावं. काच पाहून राख कोणाची हे सांगता येत नाही. इथं कारागिराच्या शब्दावरच भिस्त असते.

• पेसमेकर दहनापूर्वी काढून घ्यायला डॉक्टरांना सांगावं. उष्णतेने त्याची बॅटरी फुटते.

• मृत्यूपूर्वी नजीकच्या काळात किरणोत्सारी औषधाचे उपचार झाले असतील तर दहनापूर्वीच दाहगृहाला तशी कल्पना द्यावी. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये अशा रुग्णाच्या दहनानंतर भट्टीत किरणोत्सार आढळल्याची नोंद २०१९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. एरवी राख निर्जंतुक असते. तिच्यातून संसर्गाची भीती नाही.

अशा वेळी घरात मतभेद होतात. आईला नदी हवी असते, मुलीला जवळ काहीतरी ठेवायचं असतं. हिशेब मात्र सोपा आहे. दोन-तीन किलो अस्थींतून काचेला लागतो एक चमचा. उरलेल्या नदीत सोडता येतात, झाडाखालीही घालता येतात.