कॉम्प्युटर सुरूच होत नाही? फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

समजा, तुमचं घर म्हैसूरजवळच्या येलवालमध्ये आहे. वळवाचे दिवस आहेत. संध्याकाळी हुणसूर रस्त्यावर आभाळ भरून येतं, विजा कडाडतात आणि लाईट जाते. तासाभराने लाईट येते, पण कॉम्प्युटर काही सुरू होत नाही. कंपनीचं चिन्ह दिसतं, स्क्रीन काळी होते, पुन्हा तेच चिन्ह. मुलीचा प्रोजेक्ट त्यात आहे. आजोबांचे फोटोही त्यातच आहेत. फोनवर कोणीतरी सल्ला देतं: “फॉरमॅट मारा, नव्यासारखा होईल!”

थांबा. कॉम्प्युटर नवा आणता येतो, आजोबांचे फोटो आणता येत नाहीत. म्हणून आधी माहिती वाचवायची, मग मशीन.

बिघाड दिसतो तेवढा मोठा असतोच असं नाही

१९ जुलै २०२४ चा दिवस आठवतो का? क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. स्क्रीन निळी व्हायची, कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा निळी. आपल्याकडेही विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पण त्या कॉम्प्युटरांचे सुटे भाग ठणठणीत होते, आतली माहितीही जागेवर होती. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाईल काढली की काम व्हायचं. तुमच्या घरचं कारणही असंच छोटं असू शकतं.

पायरी पायरीने तपासा

१. *वीज येते का?* जळका वास येत असेल तर प्लग काढा आणि थेट दुरुस्तीवाल्याकडे जा. वास नसेल तर त्याच सॉकेटमध्ये दुसरं काही लावून बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा चार्जर लावून सुरू करा.

२. *बाहेरचं सगळं काढा.* पेन ड्राइव्ह, प्रिंटर, मेमरी कार्ड काढून ठेवा. पेन ड्राइव्ह लावलेला राहिला, तर कधीकधी कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू व्हायला बघतो आणि अडकतो.

३. *आवाज ऐका.* पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी आहे? मॉनिटरची केबल घट्ट बसवा. बीप वाजत असेल तर रॅम सैल झालेली असू शकते. ती नीट बसवायचं काम माहितगाराकडून, प्लग काढूनच करा. वीजपुरवठ्याचा डबा मात्र घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

४. *चिन्ह दिसून अडकतो?* विंडोज १० किंवा ११ सुरू होताना दोन-तीनदा अर्ध्यावर बंद पडलं, की बहुधा दुरुस्तीची स्क्रीन आपोआप येते. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करून बघा. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ उपयोगी पडतं. ‘रिसेट’ शेवटी ठेवा. त्यात फाईली ठेवायचा पर्याय असतो, पण तुम्ही टाकलेले प्रोग्राम जातात.

५. *टकटक आवाज येतो?* हार्ड डिस्कमधून असा आवाज आला तर ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून बघितल्याने उरलीसुरली माहितीही जाऊ शकते. ती परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे द्या.

दुरुस्तीवाल्याला काय सांगाल?

“आधी माझा डेटा काढून द्या, मग काय ते करा,” एवढं स्पष्ट सांगा. हार्ड डिस्क चालू असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फाईली उतरवता येतात. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करूनही हे जमतं. मात्र डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. घरच्या कॉम्प्युटरची ही की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आजच शोधा आणि वहीत लिहून ठेवा. २०२४ च्या त्या गोंधळात अनेक ठिकाणी ही की सापडेपर्यंत दुरुस्ती अडून राहिली होती.

पुढच्या वळवाआधी

महत्त्वाच्या फाईलींच्या तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नका. विजा चमकू लागल्या की कॉम्प्युटर नीट बंद करा आणि प्लग काढा. इंटरनेटची वायरही काढा.

तुमचा कॉम्प्युटर आज व्यवस्थित चालतोय ना? मग फोटोंची प्रत काढायला हीच वेळ चांगली. घरातल्या मुलांना सोबत घ्या. जुने फोटो बघता बघता काम कधी संपेल, कळणारही नाही.