पोलादपूरचा कोयता आणि ठशाची मालकी

पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या लोहाराने आपल्या कोयत्यावर ‘पोलादपूर’ एवढाच ठसा मारला आणि तो व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला दिला, तर अर्ज दोन कारणांनी अडेल. एक तर ते गावाचे नाव; शिवाय त्या नावातच ‘पोलाद’, म्हणजे मालाचा धातू आलेला. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ चे कलम ९ सांगते की मालाचे मूळ ठिकाण किंवा प्रकार दाखवणारा शब्द सहसा एकट्याच्या मालकीचा होत नाही. अर्जाआधीच्या वापराने तो त्या एकाच कारागिराची ओळख बनला असेल, तरच वाट मोकळी होते. शेजारच्या लोहारालाही आपला माल पोलादपूरचा आहे असे सांगता आले पाहिजे, हे त्यामागचे साधे कारण.

मी वकील नाही. ठशांच्या कुतूहलातून कायद्यापर्यंत आलो. महाडच्या बाजारात कोयती हातात घेतली की धारेआधी मी ठसा पाहतो. कुठे दोन अक्षरे, कुठे चांदणी, कुठे नुसत्या तीन रेघा. गिऱ्हाईक मात्र त्या रेघांवरून माल ओळखते, आणि व्यापारचिन्हाचे काम नेमके तेच आहे.

नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते. एकूण वर्ग ४५. कोयता, विळा, कुदळ, पहार ही हाताची अवजारे वर्ग ८ मध्ये. खिळे, साखळ्या, बिजागऱ्या वर्ग ६ मध्ये. स्वयंपाकाची भांडी वर्ग २१ मध्ये. लोहाराचा घण वर्ग ८ मध्ये, पण ज्या ऐरणीवर तो पडतो ती वर्ग ६ मध्ये! २०१७ च्या नियमांत व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये ठरले. नोंदणी दहा वर्षांची. पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण.

पण प्रमाणपत्र भिंतीवर लावले म्हणजे मालकी पक्की झाली, असे नाही. कलम ४७ प्रमाणे चिन्ह नोंदवहीत चढल्यानंतर सलग पाच वर्षे त्याचा खरा वापर झाला नसेल, तर बाधित व्यक्ती ते काढून टाकण्याची मागणी करू शकते. हा काळ मागणीच्या तीन महिने आधीपर्यंत मोजतात. व्यापारातील विशेष परिस्थितीमुळे वापर थांबला, चिन्ह सोडण्याचा हेतू नव्हता, असे सिद्ध केले तर नोंदणी वाचते.

राजकोटच्या पी. एम. डिझेल्सचा ‘फील्ड मार्शल’ खटला या बाबतीत बोलका आहे. त्यांची डिझेल इंजिने या नावाने चालत. पण पिठाच्या गिरण्या, गोल करवती आणि पंप यांसाठी तेच नाव जैन इंडस्ट्रीजने नोंदवले होते. ती नोंदणी पुढे ठकराल मेकॅनिकल वर्क्सने विकत घेतली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आधीच्या मालकाने चिन्ह वापरले नसेल, तर केवळ ते दुसऱ्याला विकल्याने तो दोष धुऊन निघत नाही.

दुसरा निकाल १९९६ चा. वझीर सुलतान टोबॅकोने ‘चारमिनार’ हे नाव तयार तंबाखूच्या सर्व मालासाठी नोंदवले, पण बनवल्या फक्त सिगारेटी. जर्दा-किमाम बनवणाऱ्या विष्णुदास यांनी हरकत घेतली आणि नोंदणी सिगारेटींपुरती आखडली. आपल्याकडे याचा अर्थ मोठा आहे, कारण वर्ग ८ मध्ये कोयत्याबरोबर दाढीचे वस्तरेही येतात. फक्त वस्तरे विकणाऱ्याने सगळा वर्ग अडवून ठेवला असेल, तर तो मोकळा करून मागता येतो.

मोठ्या कारखानदाराने उद्या आपलाच ठसा नोंदवला, तर गावचा लोहार काय करील? कलम ३४ त्याच्या बाजूने आहे. समोरच्याचा वापर आणि नोंदणी, या दोहोंत जे आधीचे, त्याच्याही आधीपासून त्याचा सलग वापर असेल, तर तो थांबवता येत नाही. अडचण आहे ती पुराव्याची. लोहार बारा बलुतेदारांतला. वर्षभराच्या कामाचे धान्य खळ्यावर मिळे, त्याचे बिल कोण फाडणार? आज व्यवहार रोखीचा, पण पावतीची सवय तशी नवीच. आणि ज्यांनी वह्या ठेवल्या, त्यांच्याही बाजारात २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी शिरले. कायदा वापरणाऱ्याची बाजू घेतो खरा, पण वापर कागदावर मागतो.

तेव्हा ज्यांच्या घरात ठसा आहे त्यांनी एवढे करावे. दर हंगामाला ठसा दिसेल असा मालाचा तारखेसह फोटो काढावा. दुकानदाराला माल देताना पावतीवर चिन्हाचे नाव लिहावे आणि सही घ्यावी. या सगळ्याची एक प्रत मुंबईत असलेल्या भावाकडे किंवा मुलाकडे ठेवावी. आपल्या तालुक्यांत घरटी एक माणूस मुंबईत असतोच, आणि सावित्रीचे पाणी तिथवर पोचत नाही.