ऑनलाईन ऑर्डर हाही करारच. माल फसवा निघाला तर तक्रार ठाण्यातच करता येते

भिवंडी : तालुक्यातल्या गोदामांतून ऑनलाईन मालाच्या गाड्या रोज राज्यभर जातात. पण याच तालुक्यातल्या गावात मागवलेल्या खोक्यातून भलतंच निघालं, तर ‘सही नाही, कागद नाही, आता काय करणार?’ म्हणून लोक गप्प बसतात. कायदा मात्र तसं सांगत नाही.

एकाने प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने तो स्वीकारला, मोबदला ठरला की १८७२ च्या करार कायद्याने करार होतो. केवळ मोबाईलवर झाला म्हणून तो बाद ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं.

सौदा पक्का कधी?

अॅपवरचा भाव हे सहसा नुसतं आमंत्रण असतं. ऑर्डर हा आपला प्रस्ताव आणि विक्रेत्याने तो स्वीकारला की सौदा पक्का. काही अॅपच्या अटींनुसार ‘माल रवाना’ असा मेसेज आल्यावरच तो स्वीकार धरला जातो.

दावा कुठे?

१९५९ मध्ये खामगावच्या मिलने अहमदाबादच्या व्यापाऱ्याला फोनवर सरकी पेंड द्यायला होकार दिला. माल मिळाला नाही म्हणून व्यापारी अहमदाबादच्या कोर्टात गेला. होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला, असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं. खामगावकरांना खटला अहमदाबादला लढावा लागला.

घरच्या वापरासाठी खरेदी करणाऱ्याला आता ही पायपीट नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो राहत्या जिल्ह्यात, म्हणजे भिवंडीकर ठाण्याच्या ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकीलही सक्तीचा नाही.

यंत्रमागवाल्याने फोनवर कापडाचा सौदा केला, तर मात्र तो व्यापार. तिथे दाद दिवाणी कोर्टात. म्हणून भाव, मीटर, माल पोचवायची तारीख आणि वाद कोणत्या गावच्या कोर्टात न्यायचा, हे व्हॉट्सअॅपवर आधीच लिहून घ्यावं.

काय करावं?

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. बिल आणि मेसेज पुसू नका. सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असा २०२० चा ई-कॉमर्स नियम आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं. तरीही दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करा.