आधी कसोटीचीच कसोटी

गव्हाच्या पिठाचा घट्ट उंडा मळायचा, थोडा वेळ झाकून ठेवायचा आणि मग पाण्याच्या बारीक धारेखाली चोळत राहायचा. दुधाळ पाणी वाहून जातं आणि शेवटी हातात उरतो एक करडा, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा. हा प्रयोग मोबाइलवरून घरोघर पोहोचला आहे आणि त्याच्या पाठोपाठ निष्कर्षही पोहोचला आहे की पाकीटबंद पिठात प्लास्टिक मिसळलेलं असतं. प्रयोग खरा आहे. कोणीही करावा, तसाच होईल. इटलीतल्या बोलोन्या शहरात याकोपो बेकारी यांनी हेच केलं होतं आणि १७४५ साली त्यांचं त्यावरचं लेखन प्रसिद्ध झालं. हातात उरतं ते ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन. वाहून जातं ते पिष्ट. पोळी लाटताना फाटत नाही ती या ग्लुटेनमुळेच. ज्वारीच्या पिठात ते नसतं, म्हणून भाकरीचं पीठ उन्ह पाण्याने मळावं लागतं आणि भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते. ज्वारीचा उंडा धुऊन पाहिला तर हातात असा गोळा उरत नाही. उलट, घरचे गहू निवडून डोळ्यांदेखत चक्कीवर दळून आणले, तरी त्या पिठातून तोच ‘प्लास्टिक’चा गोळा निघतो. एवढी दोन पिठं शेजारी ठेवून धुतली असती, तर अफवा तिथेच संपली असती.

घरगुती प्रयोगांतला खरा कोणता आणि खोटा कोणता हे ओळखताना आपण बहुधा चुकीच्या ठिकाणी शोध घेतो. दृश्य बनावट आहे का, एवढंच आपण पाहतो. तशीही उदाहरणं आहेतच. २००८ साली मोबाइल फोन मक्याच्या दाण्यांभोवती ठेवून पॉपकॉर्न फोडल्याची चित्रफीत जगभर फिरली. ती ब्लूटूथ हेडसेट विकणाऱ्या कंपनीची जाहिरात निघाली. मक्याचा दाणा फुटायला सुमारे १८० अंश सेल्सिअस तापमान लागतं. मायक्रोवेव्ह ओव्हन शेकडो वॅट ऊर्जा धातूच्या पेटीत कोंडून ते साधतो, तर मोबाइलची वॅट-दोन वॅटची शक्ती चहूकडे पांगते. ज्या लहरींनी दाणा फुटेल, त्यांनी फोन धरणारी बोटं आधी भाजतील. अशी लबाडी पकडणं फार अवघड नाही. अवघड आहे ती दुसरी जात, जिथे डोळ्यांना दिसतं ते अगदी खरं असतं आणि त्यातून काढलेला अर्थ मात्र खोटा असतो. तिथे ‘मी स्वतः करून पाहिलं’ हे वाक्यच आपल्याला फसवतं. तिथे एकच प्रश्न उपयोगी पडतो: ज्या मालाबद्दल आपल्याला खात्री आहे, त्यावर हीच चाचणी केली तर काय होतं? चांगल्या आणि वाईट मालावर ती एकच उत्तर देत असेल, तर ती चाचणीच नाही, मग ती कितीही नजरेत भरणारी असो.

हळदीचं पाहा. हळदीवर साबणाचं पाणी टाकलं की ती लाल होते, म्हणून ती रंगवलेली, असं सांगणारे आहेत. पण कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखा रंग येतो, हे आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. शुद्ध हळदीतलं कर्क्युमिनच अल्कलीत लाल होतं. म्हणजे ही चाचणी शुद्ध हळदीला गुन्हेगार ठरवते. याउलट पनीरमधल्या पिष्टाची आयोडीनची चाचणी घ्या. पनीर पाण्यात उकळून गार करायचं आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. पिष्ट असेल तर निळा-काळा रंग येतो. बटाट्याच्या फोडीवर तो रंग हमखास येतो, घरी दूध फाडून केलेल्या पनीरवर येत नाही. दोन्ही बाजूंनी पारखून घेता येते, म्हणून ही चाचणी विश्वासाची.

या फरकाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते ती रेशनच्या तांदळात. सरकारी योजनांतून पोषणमूल्य वाढवलेला तांदूळ देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने वाटपात आला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळतात, यंत्रातून त्याचे तांदळासारखे दाणे पाडतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात ते मिसळतात. हे दाणे रंगाने थोडे वेगळे दिसतात, वजनाला हलके असल्याने काही पाण्यावर तरंगतात. तेवढ्यावरून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी हाकाटी उठते आणि लोक ते दाणे वेचून फेकून देतात. तरंगणं म्हणजे प्लास्टिक असणं नव्हे. भातशेती करणारे पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे पोचट दाणे काढतात. त्या दाण्यांना कोणी प्लास्टिक म्हणत नाही. शिवाय सगळं प्लास्टिक तरंगतही नाही, पीव्हीसी तर पाण्यात बुडतं. भाताचा गोळा आपटल्यावर उसळतो हा दुसरा पुरावा. इंद्रायणीसारख्या चिकट भाताचा मुठीत घट्ट दाबलेला गोळाही उसळतो. तांदूळ जाळला की काळा पडतो हा तिसरा. पिष्ट जळलं की कोळसाच होतो. खरोखर फरक दाखवणारी चाचणी याहून साधी आहे. संशयित दाणे आणि साधे दाणे वेगवेगळ्या वाट्यांत भिजत घालावेत, मग शिजवावेत. भिजून मऊ होणारा, बोटांत चुरगळणारा आणि शिजणारा दाणा प्लास्टिकचा असू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६७ टक्के बालकं रक्तक्षयाने ग्रस्त होती. लोह सरसकट सर्वांना द्यावं का, हा वाद तज्ज्ञांमध्ये आहे आणि तो जरूर व्हावा. पण तो लोहाबद्दल व्हावा, प्लास्टिकबद्दल नव्हे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भेसळ तर खरोखर होते, मग खोटी शंका घेतली म्हणून बिघडलं कुठे? बिघडतं ते दोन्हीकडून. एक तर खोट्या शंकेने चांगलं अन्न टाकलं जातं. दुसरं म्हणजे खोट्या चाचणीतून ‘उत्तीर्ण’ झालेल्या मालाबद्दल आपण निर्धास्त होतो. मधाचा थेंब पाण्यात न विरघळता तळाशी जातो म्हणून मध शुद्ध, हे असंच समाधान. दाट साखरेचा पाकही तसाच तळाशी जातो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांत भेसळीचे १२ निघाले. पण ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त होतं, आणि ते ओळखण्याची कोणतीही युक्ती स्वयंपाकघरात नाही. आपण ज्याचा संशय घेतो आणि ज्याने खरा अपाय होतो, त्या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात.

दुसरा आक्षेप असा की सामान्य माणसाने प्रयोगशाळा कुठून आणायची? आणायची गरजच नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी दुधात फक्त रंग मिसळला. चमच्यातून ‘प्यायलं’ गेलेलं दूध मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळताना सर्वांना दिसलं. चमच्यातलं दूध कमी होतं, हे पाहणाऱ्यांचं निरीक्षण खरंच होतं. ते जातं कुठे, एवढंच कोणी पाहिलं नव्हतं. चिमूटभर रंग, किंवा शेजारी ठेवलेली दुसरी वाटी, एवढं साहित्य कोणत्याही घरात असतं.

आणि घरच्या चाचणीनंतरही शंका उरली तर कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कोणीही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो. वस्तू तपासणीला पाठवायची आहे, हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. नमुना कायद्यात बसत नाही असं निघालं, तर भरलेलं शुल्क ग्राहकाला परत मिळतं.