‘आई, आता तू बस!’

सातशे वर्षांपूर्वीच्या संत जनाबाई परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. आयुष्य गेलं पंढरपूरला, नामदेवांच्या घरी दळणकांडणात. डोळे मिटून बसायला सवड कुठली? जात्याचा खुंटा हाती आणि विठ्ठलाचं नाव ओठी, हीच त्यांची साधना. जातं ओढायला विठ्ठल स्वतः येत असे, ही लोकांची श्रद्धा.

१९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी रुग्णांसाठी सजगतेचे वर्ग सुरू केले. मन हातातल्या क्षणावर ठेवायचं, भरकटलं तर न रागावता परत आणायचं. बँकेत नोटा मोजणाऱ्यांना हे नवं नाही. लक्ष ढळलं की बंडल पुन्हा पहिल्यापासून!

निवृत्तीनंतर मोजायला काही उरत नाही. मन मागच्या वर्षांत फिरत राहतं. त्यात मुलं प्रेमानंच म्हणतात, ‘आई, आता तू बस!’ भाजी निवडणं, वाती वळणं सुटतं आणि मनाला टेकायला जागा राहत नाही.

म्हणून झेपेल ते काम थकल्या हातांत राहू द्या. दुखणं असेल तर डॉक्टर हवाच. पण आई वाती वळत असताना घटकाभर शेजारी बसा. जनाबाईंच्या जात्यालाही दुसरा हात लागत होताच की!